साडेतीन बोटं

चौथ्यांदा तीच पांढरी गाडी गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा अब्दुल सत्तार मिस्त्रीला उठावंसंच वाटेना. मे महिना, दुपारचे बारा, अमरावतीचा वलगाव रोड तव्यासारखा तापलेला, आणि माणूस बासष्ट वर्षांचा. कुलरपुढे खाट टाकून नुकताच कुठे टेकला होता बिचारा. पण गाडी ओळखीची निघाली आणि झोपेचं वाटोळं झालं.

गाडी अकोल्याच्या चारुशीला वकीलबाईंची. डिझेलची, सहा वर्षांची, दिसायला अजून नव्यासारखी. बाईंच्या आठवड्यातून दोनदा अमरावतीच्या कोर्टात तारखा असतात, म्हणून गाडीला अकोला-अमरावती रस्ता तोंडपाठ. दिवाळीत सत्तारने तिची सर्व्हिसिंग केली, आणि डिसेंबरपासून तिला एकच आजार. मूर्तिजापूर सोडलं की दम जातो. ॲक्सिलरेटर दाबा नाहीतर त्याच्यावर उभे राहा, काटा साठच्या पुढे सरकत नाही. समोर पिवळा दिवा लागतो, मागचे ट्रक हॉर्न वाजवत निघून जातात आणि बाई मागच्या सीटवर घड्याळ बघत बसतात. सत्तारने तीन वेळा दुरुस्त केली, तिन्ही वेळा गाडी वाऱ्यासारखी गेली, आणि तिन्ही वेळा महिना-दीड महिन्यात होती तिथेच आली. आता बोला.

आज गाडीतून श्रावण उतरला नाही. चौदा वर्षं बाईंची गाडी श्रावणच चालवायचा. आल्या आल्या सत्तारच्या माठातलं पाणी प्यायचा आणि काम संपेपर्यंत बॉनेटजवळून हलायचा नाही. आज उतरला तो दुसराच, ओमप्रकाश नावाचा, बाईंच्या भाच्याकडून उसना आणलेला. त्याने किल्ली पुढे केली. बाईंना कोर्टात सोडून आलोय, म्हणाला, पाच वाजता घ्यायला जायचंय, आणि बाईंनी सांगितलंय की ही शेवटची खेप.

सत्तारने किल्ली घेतली आणि विचारलं, "श्रावण नाही आला?"

"त्याले तं काढलं ना बाईनं. पाडव्यालेच काढलं."

"काहून?"

ओमप्रकाशने मिस्त्रीकडे असं पाहिलं, जणू हा माणूस मुद्दाम वेड पांघरतोय. "डिझलमंदी काहीतरी करे म्हणते. तुमीच तं सांगतलं होतं म्हणे फोनवर."

आता हा फोन काय होता, ते सांगायला हवं. मार्च महिना, रोजे चालू होते. गाडी तिसऱ्यांदा येऊन गेली होती आणि सत्तारने या वेळी अस्सल कंपनीचा सेन्सर बसवून दिला होता. संध्याकाळी पाचचा सुमार, पोटात पहाटेपासून अन्नाचा कण नाही, डोकं ठणकत होतं, आणि तेवढ्यात वकीलबाईंचा फोन. सत्तारभाई, खरं सांगा, म्हणाल्या, एकच भाग तीन वेळा कसा बिघडतो, ड्रायव्हर तर काही करत नाही ना? सत्तारला उत्तर माहीत नव्हतं. मला कळत नाही, एवढं म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण चाळीस वर्षं ज्याने ‘कळत नाही’ हा शब्द तोंडातून काढला नाही, त्याच्या तोंडून तो रोज्याच्या दिवशी कसा निघावा? तो म्हणाला होता, "बाई, सेन्सर अशेच नाही जात. आता डिझलमंदी कोणी हात मारत असन, तं मी काय सांगू." आणि फोन ठेवून इफ्तारीची वाट बघत बसला होता.

डिझेलचा आणि त्या सेन्सरचा काडीचा संबंध नाही, हे त्याला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. पण गळ्यातली धोंड दुसऱ्याच्या गळ्यात गेली की बरं वाटतं माणसाला, तेवढ्यापुरतं. बाकी कशावरून ड्रायव्हर सुटून जाईल, पण डिझेलची गोष्ट एकदा नावाला चिकटली की गावात दुसरी गाडी हातात मिळत नाही. हेही सत्तारला ठाऊक होतं. आणि आता श्रावण जाऊन दोन महिने झाले, तरी गाडी चौथ्यांदा तोच आजार घेऊन दारात उभी. म्हणजे श्रावणचा त्यात हात नव्हता, हे सांगायला कोण्या वकिलाची गरज नव्हती.

सत्तारने ओमप्रकाशला खाटेवर बसवलं आणि बॉनेट उघडलं. अंग नुसतं जड झालं होतं, उन्हाने की कशाने, कोण जाणे.

त्याने स्कॅनर लावला. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते, आणि गाडी काय सांगते ते आकड्यांतच असतं. इंजिनात हवा जाते त्या नळीच्या तोंडाशी हा सेन्सर बसतो, असेल बोटाएवढा. त्याच्या आत केसासारखी बारीक गरम तार. तिच्यावरून हवा गेली की ती थंड होते, आणि किती थंड झाली त्यावरून गाडीच्या कॉम्प्युटरला कळतं की हवा किती आली. तेवढ्याच मापाने तो डिझेल सोडतो. तारेने हवा कमी सांगितली की डिझेलही कमी, मग गाडी उपाशीपोटी कशी पळणार? सत्तारने गाडी सुरू करून आकडा पाहिला. पाहिजे होता त्याच्या जेमतेम निम्मा. इंजिनाचा आवाज वाढवला, तर आकडा रेंगाळत रेंगाळत वर चढला, सरकारी हपिसातली फाइल चढते तसा. मग त्याने सेन्सरची वायरच काढून टाकली. आणि गाडी सुधारली की! सेन्सर मुका झाला की कॉम्प्युटर आपल्या अंदाजाने डिझेल सोडतो, आणि तो अंदाज या खोटारड्या तारेपेक्षा बरा होता.

म्हणजे पुन्हा सेन्सरच. दोन महिन्यांपूर्वीचा, अस्सल.

मागच्या तिन्ही वेळा सत्तार इथेच थांबला होता. पहिल्या वेळी नवा बसवला, दुसऱ्या वेळी धुतला, तिसऱ्या वेळी आणखी महागाचा बसवला, आणि पहिल्या दोन्ही वेळा स्पेअरपार्टवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आज मात्र शिव्या द्यायचंही त्राण नव्हतं. त्याने सेन्सर बाहेर काढला, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि उन्हात धरून आत पाहिलं. तार कोरडी, चकचकीत असायला हवी. तिच्यावर मधासारखा पिवळट थर होता. नळीच्या आत बोट फिरवलं, तर बोट सरकलं. तेल.

तेल कुठून यावं इथे? इंजिनाची वाफ परत आणणारी एक नळी असते, त्याने ती काढून पाहिली. ती जोडलेली होती सेन्सरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला. तिथलं तेल उलटं चालत मागे येणार नाही. तेल येत होतं ते सेन्सरच्या अलीकडून. आणि अलीकडे होता एअर फिल्टर, त्याच्या अलीकडे मोकळी हवा. हवेत तर तेल नसतं, अमरावतीच्याही नसतं.

त्याने फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा उघडल्या आणि घड्याघड्यांचा कागदी फिल्टर बाहेर काढून उन्हात धरला. खाटेवरून ओमप्रकाशने विचारलं, काय झालं, ते त्याला ऐकू आलं नाही.

फिल्टरच्या पिवळ्या कागदावर तेलाचा काळपट डाग होता. डाग तरी कसा म्हणायचा, हाताचा पंजाच होता तो. तेलावर बारीक धूळ बसून बसून छापल्यासारखा उठलेला. अंगठ्याशेजारचं बोट पूर्ण, मधलं पूर्ण, करंगळी पूर्ण, आणि करंगळीशेजारचं अर्धं.

सत्तारने आपला उजवा हात पाहिला. करंगळीशेजारचं बोट अर्धं. तेल्हाऱ्यात असताना ट्रॅक्टरच्या पंख्याच्या पट्ट्याने नेलं होतं, त्याला बत्तीस वर्षं झाली.

तेल्हाऱ्यात वीस वर्षं त्याने ट्रॅक्टर दुरुस्त केले होते. कपाशीच्या रानातली माती, पिठासारखी, नाकातोंडात जाणारी. त्या ट्रॅक्टरांना कागदी फिल्टर नव्हते. लोखंडी डबा, तारेची जाळी आणि तळाशी तेल. धूळ तेलाला चिकटायची आणि इंजिन वाचायचं. काम झालं की शेवटी जाळीवरून तेलाचा हात फिरवायचा, ही त्याच्या उस्तादांची शिकवण, आणि त्यात चूक काहीच नव्हती. पुढे तो अमरावतीला आला, ट्रॅक्टर जाऊन जीपा आल्या, जीपा जाऊन या कॉम्प्युटरच्या गाड्या आल्या, पण हात तोच राहिला. सगळं काम आटोपलं, बॉनेट लावायची वेळ झाली, की हात आपोआप तेलाच्या डब्यात जायचा आणि फिल्टरवरून फिरून शेवटी त्यावर टेकायचा. याला तो काम म्हणतच नव्हता. म्हणून तर काय काय केलं ते आठवताना हे कधी आठवलं नाही. आपण श्वास घेतला, हे कोणी मोजतं का? आणि त्याच्याकडच्या निम्म्या गाड्या अशा जुन्या, की त्यांना असला सेन्सरच नाही. तेल लावा नाहीतर तूप लावा, त्यांना फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो नव्या गाड्यांना. त्यांतल्या किती गाड्या एकदा येऊन पुन्हा आल्या नाहीत, याचा विचार त्याच्या मनात आला आणि त्याने तो तिथेच दाबला. तेवढी ताकद आज नव्हती.

एक वाजता बिल्कीस डबा घेऊन आली. चाळीस वर्षांचा संसार, नवऱ्याचा चेहरा बघून तिने डबा खाली ठेवला आणि शेजारी बसली. सत्तारने तिला फिल्टर दाखवला, स्वतःचा हात दाखवला, श्रावणचंही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या घरातल्या बोलीत हळूच म्हणाली की फिल्टर चुलीत घाला, सेन्सर धुवा, गाडी चांगली चालेल, कोणाला काय कळणार आहे. उद्या लोकांना कळलं की मिस्त्रीच गाड्या बिघडवतो, तर या दारात सायकल तरी येईल का? खरं होतं तिचं. सत्तारने मान हलवली. मग डबा उघडता उघडता तीच म्हणाली, "वो श्रावण के घर से हर ईद को फोन आता था. इस बार नहीं आया." आणि भाकरी वाढली. सत्तारने ती तशीच डब्यात परत ठेवली.

दुपारभर तो काम करत राहिला. सेन्सरवर सफाईचा फवारा मारला, तारेला बोट न लावता तसाच वाळू दिला. नळी आतून पुसली, दोनदा. नवा फिल्टर आणवला आणि कोरडाच बसवला. बॉनेट लावताना उजवा हात तेलाच्या डब्याकडे निघालाच होता. त्याने तो हात डाव्या हाताने धरला. अक्षरशः धरला, कोणी चोर धरावा तसा. स्कॅनरवर आकडा बरोबर आला, वलगावच्या दिशेने एक फेरी मारली तर गाडी हुंदडत गेली. इतर दिवशी याने त्याला केवढा आनंद झाला असता. आज त्याला नुसती लाज वाटली. लाज आणि थकवा, एकात एक कालवल्यासारखे.

जुना फिल्टर त्याने वर्तमानपत्रात गुंडाळला आणि काखेत मारला. ओमप्रकाशला म्हणाला, चल, मीही येतो.

पाच वाजता कोर्टाच्या फाटकाशी वकीलबाई आल्या. पन्नाशीच्या, हातात फायली, घामाने डबडबलेल्या. मिस्त्रीला गाडीत बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली. सत्तार खाली उतरला, वर्तमानपत्र सोडून त्याने फिल्टर गाडीच्या टपावर ठेवला आणि त्या डागावर आपला हात ठेवला. साडेतीन बोटांवर साडेतीन बोटं बरोबर बसली.

"बाई, चारी वेळा म्याच बिघडवली तुमची गाडी," तो म्हणाला. "श्रावणनं काही नाही केलं. फोनवर म्या जे बोललो, ते खोटं होतं. मले कारण समजत नव्हतं, म्हून बोललो."

बाईंनी फायली टपावर ठेवल्या आणि वाकून तो हात पाहिला. कोर्टात रोज खोटं ऐकणाऱ्या बाईला खरं ऐकायची सवय राहिली नसावी. रागावतील, असं सत्तारला वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या इतकंच म्हणाल्या, "सत्तारभाई, तुम्हाला फोन मी माझ्या मनाने नव्हता केला. श्रावणच म्हणाला होता. ‘माझ्यावर भरोसा नसेल तर सत्तारचाचांना विचारा, ते खरं तेच सांगतील.’"

सत्तारने फिल्टर पुन्हा गुंडाळायचा प्रयत्न केला, पण कागद काही नीट गुंडाळला जाईना. शेवटी ओमप्रकाशने गुंडाळून दिला.

सत्तारही त्याच गाडीतून अकोल्याला निघाला. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, गाडी ऐंशी-नव्वदवर सुतासारखी सरळ चालली होती. बोरगावजवळ बाई म्हणाल्या, श्रावणला उद्यापासून कामावर बोलावते, ओमप्रकाशला तसंही भाच्याकडे परत पाठवायचंय. पण खरं काय झालं ते त्याला तुम्ही सांगा. मी वकील आहे, म्हणाल्या, मी कोणाचीही बाजू मांडते, माझ्या सांगण्याला त्याच्या लेखी काय किंमत. स्वतःवरच केलेला विनोद असावा हा, पण हसलं कोणी नाही.

श्रावण सापडला जुन्या शहरात, एका कुलरच्या दुकानापुढे. फुटपाथवर बसून कुलरच्या जाळ्यांमधलं जुनं कुजकं गवत काढून नवीन भरत होता. अकोल्यात मे महिन्यात या कामाला मरण नाही, पण जून लागला की उद्या काय, ते कोणी सांगत नाही. हात कोपरापर्यंत गवताच्या काड्यांनी भरलेले. चौदा वर्षं ज्या माणसाच्या शर्टाला डाग दिसला नाही, तो हा. सत्तारला पाहून तो उठला, सवयीने. मग उठल्याचा पस्तावा झाल्यासारखा पुन्हा बसला.

सत्तार त्याच्यासमोर फुटपाथवरच बसला. गुडघे कुरकुरले. त्याने फिल्टर दाखवला, हात दाखवला, सगळं सांगितलं, फोनवरचं एक अक्षर न गाळता. सांगताना त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत. श्रावण ऐकत होता आणि हातातली जाळी भरत होता.

"मी पाहे ना, चाचा," शेवटी तो म्हणाला. "दरखेपी पाहे. डब्यातलं तेल घेऊन तुमी फिल्टरवरून हात फिरवत. मले वाटे, दुवा देऊन राहिले चाचा गाडीले."

"मंग बोलला काहून नाही बाप्पा?"

"तुमाले कोण बोलते? तुमी कराल ते बरोबरच असन."

सत्तारकडे याला उत्तर नव्हतं. आणि आज निदान नसलेलं उत्तर त्याने दिलं नाही. बाई उद्यापासून बोलावतात, एवढं सांगितलं. श्रावणने मान डोलावली. येतो म्हणाला, घर चालवा लागते. मग त्याने भरलेली जाळी बाजूला ठेवली, हात झटकले, आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि सत्तारच्या पुढे धरलं. सत्तारने पाणी घेतलं. एवढ्याने सगळं मिटलं असं त्याला वाटलं. थकलेल्या माणसाला लवकर वाटतं तसं. तो उठला आणि श्रावणच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की पावसाळ्याआधी गाडी एकदा घेऊन ये, आता नीट पाहतो.

"गाडी तुमच्याकडंच आणन, चाचा," श्रावण म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "गाडीचं तुमाले समजते. पण माणसाचं कोणी इचारलं, तं आता तुमचं नाव नाही घेणार मी."

सत्तारने खांद्यावरचा हात काढून घेतला. बरोबर आहे, म्हणाला, आणि खरंच बरोबर होतं. श्रावण खाली बसला आणि त्याने पुढची जाळी ओढली.

बसस्टँडवर अमरावतीची गाडी लागलेलीच होती. सत्तार खिडकीजवळ बसला. फिल्टर मांडीवर घेतला आणि दोन्ही हात वर्तमानपत्रावर ठेवले. कंडक्टरने विचारलं, बाबा, काय सामान आहे, त्याचं तिकीट पडेल. सत्तार म्हणाला, सामान नाही, माझंच आहे. कंडक्टर पुढे गेला.